क्रमांक चौऱ्याहत्तर

कॅप्टन हॅलयार्डला मी कधी समोरून पाहिलं नाही.
पारदर्शक शीटवर रेघा पुढून, रंग मागून,
हा आमच्या कामाचा पहिला धडा.
त्यामुळे अकरा महिने
त्याचा डावा हात मला उजवा,
आणि तो उडायचा तो माझ्यापासून दूर.

क्वेझॉन सिटी, त्र्याण्णव साल.
चौसष्ट बायका, सुती हातमोजे, प्रत्येकीला एक रंग.
लुनिंगकडे कातडी, तिच्या बहिणीकडे बूट,
माझ्याकडे केप. क्रमांक चौऱ्याहत्तर.
शीटमागे दीड पेसो.
रंगात बुडबुडा राहिला तर तेवढेच वजा.

परवा बरबँकहून फोन आला, तोंड दिसणारा.
डेशॉन विटफील्ड. दाढीत चार पांढरे,
आणि मागच्या भिंतीवर, काचेत, माझी केप.
मालिका पुन्हा काढतोय म्हणाला, आताच्या मुलांसाठी.
हॅलयार्डला आता मुलगी आहे, गुडघेदुखी आहे,
बुधवारी तो कुणाकडे तरी मन मोकळं करायला जातो.
खलनायकालाही बालपण दिलंय.
सगळं जमलं, निळा तेवढा जमेना.

जुन्या टेप विटलेल्या.
यादीतला चौऱ्याहत्तर लावला तर
केप पोस्टमनची वाटते.
त्याने अकरा निळे दाखवले, एकेक करून,
आणि मी कापडाच्या दुकानात बसल्यासारखी
हा नको, हाही नको.

"आई रात्रपाळी करून झोपलेली असायची," तो म्हणाला,
"शनिवारी सकाळी मी आवाज पूर्ण बंद करायचो.
गोष्ट कळायचीच नाही. नुसती केप बघायचो."

आमच्याकडे तेव्हा दिवसाचे दहा तास वीज नसायची.
मी एकही भाग पाहिलेला नाही,
हे मी त्याला सांगितलं नाही.
दुसरं सांगितलं.

तिसऱ्या भागाच्या वेळी रंगाची खोकी बंदरात अडकली होती.
जनरेटर धापा टाकत होता,
बरणीत निळा बोटभर,
आणि पहाटे पाचला शीट्स विमानात चढायच्या होत्या.
शेजारच्या टेबलावर एकतीस नंबर उघडा.
गटारसम्राटाच्या चिलखताचा हिरवा.
त्याच्या बरण्या नेहमी उरायच्या,
तो लवकर हरायचा ना.
तीन चमचे निळा, एक चमचा तो.
ढवळायला केसातली पिन.
नेस्तोर सुपरवायझरने टॉर्च धरली, डोळे बारीक केले,
"चालेल. तिकडे कोण बघतंय."

मग पुढचे बासष्ट भाग तसेच करावे लागले.
चूक पहिल्या दिवशीच चूक असते,
दुसऱ्या दिवशी तिला नंबर मिळतो.

पडदा गोठला असं मला वाटलं.
पण मागचा पंखा फिरत होता.
"म्हणजे त्याच्या पाठीवर सगळा वेळ..."
"चौथा हिस्सा," मी म्हटलं.
"टॉर्चमध्ये मोजलाय, थोडं इकडेतिकडे."
त्याने चष्मा काढला, पुसला,
आणि विचारलं, चमचा कसला?
हालो-हालोचा, लांब दांड्याचा.
ते त्याने लिहून घेतलं.
मग माझं नावही, अक्षर-अक्षर.
कातिंदिग. एर्लिंदा कातिंदिग.
जुन्या श्रेयनामावलीत आम्ही चौसष्ट जणी
एका ओळीत मावलो होतो: आणि मनिला युनिट.

काल नातवाने झलक दाखवली. बावीस सेकंद.
मुलं ओरडतात, बंदर जळतं,
गुडघा धरून तो उठतो, झेपावतो,
आणि शेवटी पडदाभर केप.
हो. तोच.
किंचित कुजका, समुद्राच्या जवळचा.

"लोला, काय करतेस?" नातू हसायला लागला.
मी फोन उलटा करून
मागची बाजू बघत होते.